थीम वाढदिवस करा, पण पॅकेज घेऊ नका!





"सर, या वर्षी पोरीला थीम बर्थडे हवाय. काय करावं?" असा प्रश्न पालक आता शाळेच्या फाटकाशी थांबून विचारतात. हे फक्त शहरातलं राहिलेलं नाही. तालुक्याच्या गावातही फुग्यांची कमान, मुलाचा फोटो छापलेला फ्लेक्स, कार्टूनचा केक आणि परतभेटीची पिशवी असं सगळं एकत्र विकणारी दुकानं निघाली आहेत. आकडा ऐकला की महिन्याचं किराणा बिल आठवतं. तरी आई-बाप मान डोलावतात, कारण शेजारच्या मुलाचा तसा झालेला असतो.

यावर दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. एक, "कशाला हवीत ही नाटकं? आमच्या वेळी औक्षण केलं की झालं." दुसरं, "वर्षातून एकदाच तर असतं, होऊ दे खर्च." मला दोन्ही पटत नाहीत. माझं मत थोडक्यात असं आहे : थीम चांगलीच गोष्ट आहे. मात्र थीम म्हणजे सजावट नव्हे, थीम म्हणजे त्या दिवशी मुलं काय करणार ते. हे एकदा ठरलं की खर्च आपोआप खाली येतो, आणि त्या तयारीतून मूल जे शिकतं ते कोणत्याही पॅकेजमध्ये मिळत नाही.

पालकांची हौस आधी समजून घेऊ

आपल्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला सांगता आली नाही, मग गुरुजींनी १ जून लिहून टाकली. आजही मोबाईलवर त्या दिवशी शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि आपण हसतो. पण त्यातला अर्थ बघा. ज्या आजीला स्वतःचा जन्मदिवस माहीत नाही, तिच्या नातीचा वाढदिवस थाटात व्हावा असं घराला वाटणारच. ज्या बापाने लहानपणी कधी केक कापला नाही, त्याला मुलासाठी तो हवा असतो. या इच्छेची चेष्टा करू नये. "ऐपत नाही तर करू नका" असं शिक्षकाने तर कधीच म्हणू नये.

अडचण इच्छेची नाही, तुलनेची आहे. वर्गात याच्या खुणा दिसतात. वाढदिवस आहे म्हणूनच एखादं मूल त्या दिवशी शाळेत येत नाही, कारण वर्गाला वाटायला चॉकलेटं नाहीत. एखादं मूल मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं टाळतं, कारण हातात न्यायला काही नाही. आणि ज्याचा वाढदिवस थाटात झाला, त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं की "काय मज्जा केली?" तर तो केकचा आकार आणि भेटवस्तूंची संख्या सांगतो, कोणता खेळ खेळलो ते सांगत नाही. पैसे खर्च झाले, आठवण मात्र वस्तूंची राहिली.

थीम वाढदिवस आपल्या शाळेला नवा नाही

जरा विचार करा, आपण शिक्षक वर्षभर काय करतो? ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस, तो आपण बालिका दिन म्हणून साजरा करतो. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, तो मराठी भाषा गौरव दिन. २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, तो राष्ट्रीय क्रीडा दिन. १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, तो वाचन प्रेरणा दिन. २२ डिसेंबरला रामानुजन यांचा जन्मदिवस, तो राष्ट्रीय गणित दिन.

हे सगळे थीम वाढदिवसच आहेत की नाही? एक माणूस, त्याला आवडलेलं एक काम, आणि त्या दिवशी सगळ्यांनी मिळून तेच काम करायचं. कलामांच्या जयंतीला आपण मुलांना वाचायला बसवतो. ध्यानचंदांच्या जयंतीला मैदानावर नेतो. साहित्य काय लागतं? फळा, रंगीत खडू, रांगोळी, थोडे पताकांचे कागद. खर्च जवळजवळ नाही, तरी दिवस लक्षात राहतो.

हाच न्याय घरच्या वाढदिवसाला लावा. मुलाला विचारा, "तुला काय व्हायला आवडेल?" असं नको, "तुला त्या दिवशी मित्रांबरोबर काय करायला आवडेल?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा टीव्हीवरचं पात्र असतं आणि ते दुकानातून विकत आणावं लागतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधणं, पळणं, लपणं, बनवणं, विकणं, गोष्ट सांगणं असं येतं. ते घरात होतं.

एक उदाहरण : फास्टर फेणेची शोधमोहीम

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी मला ही थीम फार आवडते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवर सुसाट सुटणारा, डोकं चालवून गुपितं उलगडणारा. मुलाने एखादी गोष्ट वाचली असेल तर उत्तम. नसेल तर वाढदिवसाच्या आधी आठवडाभर रात्री थोडी थोडी वाचून दाखवा. पुस्तक शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात मिळू शकतं. तयारीचा पहिला भाग इथेच सुरू होतो.

१) निमंत्रण. गुप्त भाषेतली चिठ्ठी. नियम सोपा : प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं पुढचं अक्षर लिहायचं, काना-मात्रा तशाच ठेवायच्या. म्हणजे 'कमल' हा शब्द 'खयव' होतो. चिठ्ठीच्या कोपऱ्यात किल्ली म्हणून 'क = ख' एवढंच लिहा. वेळ आणि पत्ता मात्र पालकांसाठी सरळ भाषेत पाठीमागे लिहा, नाहीतर कुणी पोचायचंच नाही! वर्णमालेचा क्रम पक्का करायला यापेक्षा चांगला स्वाध्याय मला माहीत नाही.

२) सजावट. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याची सायकल, वर्तमानपत्राच्या टोप्या, दाराला पताका. जुन्या बांगडीला आइस्क्रीमची काडी घट्ट बांधली की गुप्तहेराचं भिंग तयार. हे सगळं मुलाने आणि भावंडांनी दोन-तीन संध्याकाळी बसून करायचं. वाकडं झालं तर वाकडंच लावा. आपण रात्री जागून सरळ करू नका.

३) मुख्य खेळ. घरात, अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात आठ चिठ्ठ्या लपवायच्या. प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या जागेचं कोडं. "माझ्या पोटात रोज पीठ, पण मी कधी जेवत नाही" म्हणजे पिठाचा डबा. "रात्रंदिवस चालतं, पण भिंत सोडत नाही" म्हणजे घड्याळ. कोडी मुलानेच तयार करावीत. चौथीतलं मूल आठ कोडी लिहितं, तेव्हा ते वस्तूचं निरीक्षण करतं, गुणधर्म निवडतं आणि नाव न घेता वर्णन करतं. हे आपण वर्गात किती तास शिकवतो! तीन-तीन, चार-चार जणांचे गट करा, म्हणजे वाचायला अडखळणारं मूल एकटं पडत नाही.

४) शेवटचा खजिना. एका जुन्या डब्यात चिक्की. सगळ्यांना सारखी. पहिल्या गटाला जास्त नाही.

५) पाहुण्यांनी काय आणायचं? निमंत्रणातच लिहा, "भेटवस्तू आणू नका, एक कोडं लिहून आणा." हे एक वाक्य फार मोलाचं आहे. त्यामुळे रिकाम्या हाताने कुणीच येत नाही, आणि कुणाच्या घरावर पैशांचा भारही पडत नाही. जेवताना एकमेकांना कोडी घालायची. नंतर ती सगळी एका वहीत चिकटवली की वाढदिवसाची वही तयार होते.

आधी औक्षण करा, मग केक कापा. दोन्हींत भांडण नाही.

हिशोब मुलाच्या हातात द्या

आता पैशांचं बघू. पंधरा मुलं आणि १२०० रुपये असं धरू. भाव गावोगावी बदलतील, पण मांडणी अशी :

- घरी केलेला रव्याचा केक : १८० रुपये
- भेळ (चुरमुरे, फरसाण, शेव, कांदा, टोमॅटो, चिंच, गूळ) : ३२० रुपये
- लिंबू सरबत : ६० रुपये
- कागद, रंग, डिंक, दोरा : १२० रुपये
- खजिन्याची चिक्की : १०० रुपये
- परतभेट (छोटी वही आणि पेन्सिल, प्रत्येकी १५ रुपये) : २२५ रुपये
- ऐनवेळचा खर्च : १०० रुपये

एकूण ११०५ रुपये. शिल्लक ९५. माणशी खर्च ७४ रुपयांच्या आसपास.

ही यादी आपण करून मुलाला दाखवायची नाही. बाराशे रुपयांचा आकडा सांगायचा, वही-पेन्सिल हातात द्यायची आणि त्याच्याबरोबर दुकानात जाऊन भाव विचारायचे. मग खरी गंमत सुरू होते. मूल म्हणतं, "अजून पाच जणांना बोलवू?" आपण 'नाही' म्हणू नये, "हिशोब कर" म्हणावं. त्याला कळतं की पाहुणे वाढले तरी पताकांचा खर्च तेवढाच राहतो, पण भेळ, सरबत, चिक्की आणि परतभेट वाढते. पंधराचे वीस केले की हिशोब तेराशेच्या पुढे जातो. मग पर्याय त्यानेच शोधायचे : परतभेटीत फक्त पेन्सिल ठेवायची की चिक्की कमी करायची? स्थिर खर्च आणि बदलता खर्च हे शब्द त्याला वरच्या वर्गात भेटतील, पण अर्थ आज कळला.

आणखी एक गोष्ट होते. घरात पैसे कमी आहेत हे मुलापासून लपवण्याची गरज राहत नाही. "परवडत नाही" हे वाक्य मुलाला लाजिरवाणं वाटतं, कारण ते त्याला दार लावून, दबक्या आवाजात ऐकू येतं. "आपल्याकडे इतके आहेत, यात काय काय बसवू या?" हे वाक्य तेच सत्य सांगतं, पण मुलाला सोबत घेऊन. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातलं सर्वांत मोठं शिक्षण हेच.

महिना बघा, थीम सापडेल

दुसरी युक्ती म्हणजे मुलाच्या वाढदिवसाच्या महिन्यात आजूबाजूला जे फुकट किंवा स्वस्त मिळतं, तीच थीम करायची.

मे महिन्यात आंबा : पानांचं तोरण, कोयींवर रंगकाम, आणि केकऐवजी आमरस-पुरी. जुलैत पाऊस : कागदी होड्यांची शर्यत आणि गरम भजी. नोव्हेंबरात पक्षी : महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, कारण ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ तारखेला डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. सकाळी मुलांना घेऊन गावाबाहेर तळ्यावर चक्कर मारा, दिसलेल्या पक्ष्यांची यादी करा, परत येऊन पोहे खा. जानेवारीत पतंग, साध्या दोऱ्याचे. सुट्टीत जुने खेळ : लगोरी, विटीदांडू, सागरगोटे, भोवरा, आणि शिकवायला आजी-आजोबा. आठवडी बाजारही छान थीम आहे. शाळेतला बाल आनंद मेळावा आठवा, तोच लहान प्रमाणात, खोट्या नोटांवर.

चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मात्र थीमचा फार विचार करू नका. त्या वयात थीम ही मोठ्यांच्या फोटोसाठीच असते. चार-पाच ओळखीची मुलं, खेळायला मोकळी जागा आणि झोपेच्या आधी संपणारा कार्यक्रम, एवढं पुरे.

काय आणू नये

काही वस्तू तर स्वस्त मिळाल्या तरी आणू नका. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभरात सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेले-चमचे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंद आहेत. पर्यावरणाचा धडा आपण वर्गात शिकवतो आणि घरी त्याच मुलासमोर थर्माकोलची अक्षरं लावतो, हे बरं दिसत नाही. घरातल्या स्टीलच्या ताटल्या काढा, कमी पडल्या तर शेजारून आणा. पत्रावळी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

फेसाचा स्प्रे मेणबत्तीजवळ कधीच उडवू नका. त्याला बाहेर ढकलणारा वायू पेट घेऊ शकतो आणि मूल तर मेणबत्तीवरच वाकलेलं असतं. वर उडणाऱ्या फुग्यांचंही तसंच. त्यात हायड्रोजन भरलेला असेल तर जवळची ज्योत पुरेशी आहे. तोंडाने फुगवलेले चार फुगे बरे.

"पण..." म्हणणाऱ्यांसाठी

*"मुलांना बाहेरचंच आवडतं."* पूर्णपणे खोटं नाही. पण ज्या वस्तूत आपला हात लागला आहे ती मूल मिरवून दाखवतं, हे आपण प्रत्येक प्रदर्शनात बघतो. "ही सायकल मी केली" हे सांगायला त्याला प्रेक्षक हवे असतात, आणि वाढदिवसाला ते हजर असतात.

*"आम्हा दोघांना वेळ नाही."* ही खरी अडचण आहे. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या, शेतमजुरीला जाणाऱ्या पालकाला दोन-तीन संध्याकाळी निघत नाहीत. मग कार्यक्रम लहान करा : सहा मुलं, एक खेळ, भेळ. एका महिन्यात वाढदिवस असणाऱ्या दोन-तीन मुलांचा एकत्र केलात तर काम आणि खर्च दोन्ही वाटले जातात. मुलांना एकत्र वाढदिवस कमी वाटत नाही, तो मोठा वाटतो.

*"लोक काय म्हणतील?"* लोक पहिल्या वर्षी म्हणतील. दुसऱ्या वर्षी त्यांचीच मुलं घरी जाऊन "आपणही चिठ्ठ्यांचा खेळ करू या" म्हणतील. हौसेची जशी लागण होते, तशी साधेपणाचीही होते. सुरुवात कुणीतरी करावी लागते, आणि ज्याला परवडतं त्याने केली तर जास्त बरं. ऐपत असून जो साधा वाढदिवस करतो, तो ऐपत नसलेल्या पाच घरांना मोकळं करतो. तेव्हा सुस्थितीतल्या पालकांनो, ही विनंती आधी तुम्हाला आहे.

शाळेने काय करावं

शिक्षकांनो, सगळं पालकांवर सोडून चालणार नाही. चॉकलेट वाटायची पद्धत वर्गात कुणी आणली हे शोधत बसण्यापेक्षा ती सर्वांसाठी एकाच वेळी थांबवावी. "ज्याला जमेल त्याने आणा" हा नियमच नव्हे, कारण न जमणारं मूल त्यातच उघडं पडतं.

अनेक शाळा "वाढदिवसाला शाळेला एक पुस्तक" असा उपक्रम करतात. उपक्रम चांगला आहे, पण त्यातही पुस्तक देणारे आणि न देणारे असे दोन गट पडतात. त्याऐवजी असं करता येईल : ज्याचा वाढदिवस, त्याने शाळेच्या कपाटातलं आवडतं पुस्तक निवडायचं आणि त्यातली गोष्ट त्या दिवशी वर्गाला वाचून दाखवायची. कपाटात फारशी पुस्तकं नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात. फळ्याच्या एका कोपऱ्यात त्याचं नाव, त्याने निवडलेल्या गोष्टीचं चित्र, आणि प्रत्येकाने त्याच्याविषयी सांगितलेलं एक चांगलं वाक्य. दहा मिनिटांचं काम आहे. सुट्टीत वाढदिवस येणाऱ्या मुलांसाठी शाळा सुरू झाल्यावर एक दिवस ठेवा. मे महिन्यातली मुलं नेहमी यात राहून जातात.

एवढं झालं तर वाढदिवसाच्या दिवशी कुणीही मूल घरी बसणार नाही. माझ्या दृष्टीने या विषयातली खरी परीक्षा ही आहे. आपल्या वर्गातलं सर्वांत गरीब घरचं मूल स्वतःच्या वाढदिवसाला शाळेत हसत येतं का? उत्तर 'हो' असेल तर कुणी घरी काहीही केलं तरी हरकत नाही.

पुढच्या पालक सभेत हा विषय पाच मिनिटं काढून बोला. वर लिहिलेला हिशोब फळ्यावर मांडा, पालकांना त्यांच्या गावचे भाव विचारा, आणि कुणी याहून स्वस्त, याहून मजेदार वाढदिवस केला असेल तर त्यांच्या तोंडूनच सगळ्यांना ऐकवा. पालक पालकांचं जास्त ऐकतात.